तिळाचे वाण : दाणा किती, तेल किती?

तिळाच्या वाणांची तुलना करताना हेक्टरी उत्पादन आणि तेलाचे प्रमाण, म्हणजे शंभर किलो दाण्यात असलेले तेल, हे आकडे सुटे वाचणे फसवे ठरते. खरा निकष दोहोंच्या गुणाकारातून मिळणारे हेक्टरी तेल हाच होय. हेक्टरी ८०० किलो उतरणाऱ्या, ४८ टक्के तेलाच्या वाणापासून ३८४ किलो तेल मिळते, तर ५२ टक्के तेलाचा, पण ७०० किलोच उतरणारा वाण ३६४ किलोंवर थांबतो. जळगावचे जेएलटी-७ व जेएलटी-४०८ आणि अकोल्याचे एकेटी-६४ व एकेटी-१०१ हे महाराष्ट्रातील वाण पारखतानाही हंगाम, जमीन व दाण्यातील ओलावा सारखा असणे अत्यावश्यक आहे, कारण ओलसर दाण्यात तेलाची टक्केवारी कमी भरते.

याहून मोठी फसगत शेतातच होते. पक्व बोंड टोकाकडून उकलत असल्याने काढणी लांबली की दाणे मातीत सांडतात, आणि हजार दाण्यांचे वजन जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास असल्याने ते वेचणे अशक्यच असते. म्हणून बोंडे पिवळी पडू लागताच झाडे कापून, पेंढ्या उभ्या वाळवून, ताडपत्रीवर उलट्या धरून झटकतात.