घंटा वाजण्याआधी

‘स्पेलबाउंड’ हा जेफ्री ब्लिट्झ यांनी दिग्दर्शित केलेला २००२ सालचा माहितीपट. ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले होते. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा हा त्याचा विषय. १९९९ साली वॉशिंग्टनला झालेल्या या स्पर्धेत आठवीपर्यंतची २४९ मुले उतरली होती. त्यांतल्या आठ जणांच्या घरी कॅमेरा जातो. टेक्सासमधल्या अँजेलाचे वडील मेक्सिकोहून आलेले. ते गुरांच्या रँचवर काम करतात आणि त्यांना इंग्रजी बोलता येत नाही. त्यांची मुलगी मात्र इंग्रजीच्याच स्पर्धेत राष्ट्रीय पातळीवर पोहोचते.

स्पर्धेचे नियम सोपे आहेत. परीक्षक शब्द उच्चारतात आणि स्पर्धक एकेक अक्षर मोठ्याने सांगतो. चुकले की घंटा वाजते आणि त्याची स्पर्धा तिथेच संपते. एकदा तोंडातून गेलेले अक्षर बदलता येत नाही. पण सुरुवात करण्यापूर्वी प्रश्न विचारता येतात : शब्दाचा अर्थ काय? तो कोणत्या भाषेतून आला? वाक्यात कसा वापरतात?

हे प्रश्न केवळ वेळ काढण्यासाठी नसतात. इंग्रजीने अनेक भाषांतून शब्द घेतले आणि बरेचदा त्यांचे मूळ स्पेलिंगही जपले. म्हणून ‘फोटो’मधला ‘फ’ पी-एच असा लिहितात. तो शब्द ग्रीक मुळाचा आहे. त्या वर्षी फ्लोरिडाची, भारतीय वंशाची चौदा वर्षांची नूपुर लाला जिंकली. तिचा शेवटचा शब्द होता ‘लॉगोरिया’, म्हणजे अति बडबड. कानाला एकच ‘र’ ऐकू येतो, पण लिहायचे असते आर-आर-एच. ग्रीकमध्ये ‘लोगोस’ म्हणजे शब्द आणि ‘रिया’ म्हणजे वाहणे. अतिसाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचे शेपूटही हेच. ज्याला हे मूळ ठाऊक आहे, तो नवा शब्दसुद्धा विचार करून सोडवू शकतो.

मराठीतही मूळ कळले की लेखन सुधारते. ‘पाणिग्रहण’ या शब्दात पाणी नाही, ‘पाणि’ म्हणजे हात आहे. म्हणून तिथला ‘णि’ ऱ्हस्व.

मित्रांनो, वर्गात समजले नाही तरी हात वर करायला आपण कचरतो. विचारले तर आपल्याला काही येत नाही असे सगळ्यांना वाटेल, ही भीती असते. या माहितीपटात देशभरातून निवडून आलेली मुले हजारो लोकांना दिसेल अशा मंचावर उभी राहून अर्थ विचारतात, मूळ विचारतात आणि मगच पहिले अक्षर उच्चारतात. त्यांना कोणी हसत नाही. विचारूनही शेवटी २४८ जण हरलेच. पण न विचारता घाईने चुकण्यापेक्षा विचारून, प्रयत्न करून हरणे केव्हाही चांगले. तासाला शंका आली तर ती त्याच तासाला विचारावी. परीक्षेच्या हॉलमध्ये ती सोय नसते.