नाशिकच्या देवळालीतून इंग्रजीत गेलेला शब्द

‘डूलॅली’. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं फिरलं की आजही म्हणतात, ‘तो डूलॅली झालाय!’ हा शब्द म्हणजे आपली देवळाली. हो, नाशिकजवळची!

एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. भारतातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे थांबत. पण सैनिकांची जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटत. शेवटचं जहाज हुकलं की महिनोन्‌महिने मुक्काम. हाताला काम नाही, वर ऊन, त्यात मलेरिया. कंटाळून काहींचं वागणं विचित्र व्हायला लागे. सोबती म्हणत, ‘याला डूलॅली टॅप झालाय.’

त्यातला ‘टॅप’ मला फार आवडतो. तो इंग्रजी नाहीच, तो आपला ‘ताप’! म्हणजे देवळालीचा ताप. आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो, त्याच्या किती जवळ!

पुढे ‘टॅप’ गळला, ‘डूलॅली’ उरलं. १९७४ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेचं कथानकही सुरुवातीला देवळालीच्या छावणीतच घडतं.

नाशिककरांनो, तुमच्या गावाजवळचं हे नाव इंग्रजी शब्दकोशात आहे. नक्की उघडून बघा.