बिलाचे यंत्र अडते कोठे?

संध्याकाळी घाटकोपर किंवा बोरिवली स्थानकाबाहेरच्या एखाद्या मोठ्या किराणा दुकानात डोकावून पाहा. दुकानदार साबणाच्या वडीवर तांबडा प्रकाश पाडतो, ‘टिप्’ असा आवाज होतो आणि पडद्यावर वस्तूचे नाव व किंमत उमटते. पूर्वी चिठोऱ्यावर पेन्सिलीने होणारी बेरीज आता यंत्र करते. पण एखादे दिवशी ‘टिप्’ होते, पडद्यावर मात्र काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकांची रांग वाढते. दुकानदार घाईघाईने नवा स्कॅनर जोडतो, तरी यंत्र अडलेले ते अडलेलेच! असे का व्हावे? बिघाड शोधण्याची काही शास्त्रीय रीत आहे काय? आहे, आणि ती तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत वापरलेलीही असेल.

एक यंत्र नव्हे, साखळी

या यंत्राला ‘पॉइंट ऑफ सेल टर्मिनल’ म्हणतात; दुकानदारांच्या बोलण्यात ते ‘बिलिंग मशीन’ असते. खरे पाहता ते एक यंत्र नसून संगणक, स्कॅनर, छपाईयंत्र, गल्ला आणि वजनकाटा यांची साखळी असते. वस्तूवरचा बारकोड वाचून पहिली विक्री झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंगगमचे पाकीट! आपल्या उपनगरांत पवई येथे २००२ साली डी-मार्टचे पहिले दुकान निघाले. आज लहान दुकानांतही ही साखळी दिसते.

साखळी समजून घ्यायची तर सुरुवात बारकोडापासून करू. स्कॅनरचा प्रकाश पांढऱ्या जागेवरून परततो आणि काळ्या रेघेत शोषला जातो. परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून स्कॅनर रेघांची रुंदी मोजतो आणि तेरा अंक ओळखतो. बारकोड तांबड्या शाईत छापला तर? तांबड्या प्रकाशात तांबडी रेघ पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसते, म्हणून असा बारकोड वाचता येत नाही.

तेरावा अंक हा पहारेकरी असतो. समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४१२३४१ असे आहेत. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे अंक मिळवा: बेरीज २०. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज १८. तिची तिप्पट ५४. एकूण ७४. पुढची दहाची पट ८०, म्हणून तेरावा अंक ६. एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. म्हणजेच ‘टिप्’ झाले की वाचन बरोबर झाले, असे धरायला हरकत नाही.

किंमत कोठे असते?

साबणावरच्या या तेरा अंकांत किंमत नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संगणकात दुकानदाराने भरलेला एक तक्ता असतो: अमुक क्रमांक, त्याचे नाव, किंमत आणि कराचा दर. स्कॅनर फक्त क्रमांक देतो; बाकी सर्व तक्त्यातून येते. यंत्राची मांडणी करताना सर्वांत अधिक काळजी घ्यायची ती येथे.

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. टूथपेस्ट, अंगाचा साबण, केसांचे तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बारकोड बदलण्याचे काही कारण नव्हते. ज्या तक्त्यात जुनाच दर राहील, तेथे १०० रुपये मूळ किमतीच्या वस्तूचे बिल १०५ ऐवजी ११८ रुपये होईल. यंत्राची बेरीज बिनचूक, पण गिऱ्हाइकाला १३ रुपयांचा भुर्दंड!

इतर जोडण्यांनाही असाच मेळ लागतो. काही वजनकाटे तारेवरून सेकंदाला ९,६०० या वेगाने संकेत पाठवतात. संगणक दुसऱ्याच वेगाने ऐकू लागला, तर वजनाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. छपाईयंत्राला कागदाची रुंदी चुकीची सांगितली, तर बिलाच्या ओळी तुटतात.

बिघाडाचा माग

आता सुरुवातीच्या दुकानाकडे वळू. ‘टिप्’ झाले, म्हणजे स्कॅनरने वाचन केले. मग अंक गेले कोठे? बहुतेक स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने एक कळफलकच असतात. ते अंक ‘टाइप’ करतात. म्हणून संगणकावर एक कोरे पान उघडावे आणि बारकोड वाचवावा. अंक उमटले, तर स्कॅनर, तार आणि जोडणी तिन्ही ठीक. दोष पुढे आहे: कदाचित कर्सर भलत्याच चौकटीत असेल आणि अंक तेथे जात असतील. मग नवा स्कॅनर तरी काय करणार? अंक उमटले नाहीत, तर दोष अलीकडे. तार दुसऱ्या खाचेत जोडून पाहावी. एका चाचणीत अर्धी साखळी निर्दोष ठरते. अंक उमटतात पण वस्तू बिलात चढत नाही, असे झाल्यास स्कॅनर शेवटी ‘एंटर’ पाठवत नसेल. त्यासाठी माहितीपुस्तिकेत छापलेला विशिष्ट बारकोड त्याला दाखवला की तो सुधारतो!

बिल कोरे येते? या छपाईयंत्रात शाई नसते. कागदाच्या एका बाजूला उष्णतेने काळा होणारा लेप असतो. कागदावर नख जोराने ओढा. घर्षणाच्या उष्णतेने ज्या बाजूला काळी रेघ उमटेल ती बाजू छापणाऱ्या पट्टीकडे हवी. त्या पट्टीवर बहुधा दर मिलिमीटरला आठ तापबिंदू असतात. बिलाच्या लांबीभर एक बारीक पांढरी रेघ येत असेल, तर एखादा बिंदू मळला किंवा निकामी झाला असे समजावे. गल्ला उघडत नसेल, तर छपाईयंत्राची तार तपासावी. कारण गल्ल्याची खिटी ओढणारा विद्युत्‌चुंबक पुष्कळदा छपाईयंत्रातून आलेल्या विद्युत्‌झोतावर चालतो.

या साऱ्यात नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय घडले ते लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. दिवा, घट आणि तारा जोडल्या असता दिवा लागला नाही तर तुम्ही हेच करता.

करून पाहा

घरातील पाच वस्तूंवरच्या तेरा अंकी क्रमांकांचे तेरावे अंक स्वतः काढून ताडून पाहा. मग शेजारचे दोन अंक उलटसुलट करा. पहारेकऱ्याला ही चूक दर वेळी पकडता येते काय? दोन अंकांत ५ चा फरक असेल, उदाहरणार्थ १ आणि ६, तर काय होते? आणि वाणसामान आणल्यावर बिलातील प्रत्येक किंमत वेष्टनावरील छापील किमतीशी जुळवून पाहा. ‘टिप्’ या आवाजाने क्रमांक बरोबर वाचल्याची ग्वाही मिळते, किंमत बरोबर असल्याची नव्हे. ते पाहण्याचे काम अजून आपलेच आहे.