संख्यांची वाढ (भाग ७) : सोडाल्याच्या गल्लीतला हिशेब

या आठवड्यात शिकारी आणि सावज यांच्या वरखाली होणाऱ्या संख्यांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो. जयपूरच्या सोडाला भागात राहणाऱ्या एका मराठी बाईंचं पत्र आलंय. त्या लिहितात, "आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात पिल्लंच पिल्लं दिसतात. कुणी त्यांना मारत नाही. तरी पुढच्या वर्षी कुत्री मोजावीत तर जवळपास तेवढीच. मग तुमचा तो सपाट होणारा वक्र इथं कुठं बसतो?"

तो वक्र मागच्या भागातला: संख्या आधी झपाट्यानं वाढते आणि अन्न अपुरं पडू लागलं की एका माथ्यावर येऊन स्थिरावते. तो बरोबर इथंच बसतो. आणि भटक्या कुत्र्यांचा हा हिशेब भारतात जयपूरइतका चिकाटीनं फार थोड्या शहरांत मांडला गेलाय.

आधी जन्म मोजू. एका वेताला साडेपाच-सहा पिल्लं, आणि जयपूरच्या नोंदींप्रमाणे वर्षभरात साधारण निम्म्या माद्या वितात. म्हणजे दर मादीमागे वर्षाला तीन पिल्लं, त्यांतल्या दीड माद्या. सगळी जगली तर एका मादीच्या दहा वर्षांत साडेनऊ हजार माद्या होतील! गल्लीत कुत्री तेवढीच राहतात याचा अर्थ, एका मादीमागे तिच्या साऱ्या आयुष्यात सरासरी एकच लेक मोठी होऊन विते. बाकीची पिल्लं डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांनी, गाड्यांखाली, उपासमारीनं जातात. बाईंना हिवाळ्यात दिसतो तो जन्म. मृत्यू मात्र एकेक करून होतात, म्हणून ते नजरेत भरत नाहीत.

कुत्री मारून कमी का होत नाहीत, तेही यातच आलं. मुंबईत कंपनी सरकारनं कुत्री मारायला माणसं लावली होती, दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम. जून १८३२ मध्ये पारशी समाज त्याविरुद्ध रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. पुढंही कुत्री मारणं दीडशेहून अधिक वर्षं चालूच राहिलं, पण मुंबईतली कुत्री काही संपली नाहीत. दहा मारली की दहा जणांचं अन्न मोकळं होतं. एरवी मेली असती ती पिल्लं त्यावर जगतात, शेजारच्या गल्लीतली कुत्रीही येतात.

जयपूरमध्ये 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेनं १९९४ पासून दुसरा मार्ग धरला. कुत्री पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाचा तुकडा काढायचा आणि उचलली तिथंच सोडायची. २००२ पर्यंत अशी २४,९८६ कुत्री झाली. कार्यक्रमाच्या भागात माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. शहराच्या बाकी भागात तो वाढत होता. या एका आकड्यासाठी मला त्या पशुवैद्यांबद्दल फार आदर वाटतो.

पण मला जास्त विचार करायला लावतो तो दुसरा आकडा. त्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी झाली आणि कुत्री घटली २८ टक्के. पाळणा दोनतृतीयांश थांबला आणि घट मात्र पावहिश्शाहून थोडीच जास्त. असं का? माझ्या समजुतीप्रमाणे, पिल्लं कमी जन्मली की जन्मतात त्यांना जास्त खायला मिळतं आणि त्यांतली जास्त वाचतात. शिवाय बाहेरून येणारी वेगळीच. मागच्या भागातल्या वक्राचा माथा जोर लावून खाली ढकलता येतो, पण जोर काढला की तो परत वर येतो. मात्र मारण्यापेक्षा हे बरं, कारण नसबंदी केलेली कुत्री आपल्या जागेवर राहते, आपला वाटा खाते, नव्याला शिरू देत नाही.

माथा किती उंच, हे शेवटी अन्न ठरवतं: उघडी कचराकुंडी, खाटकाच्या दुकानामागचे तुकडे, दारातली पोळी. अन्न एकदम वाढलं तर काय होतं, तेही राजस्थानानं पाहिलंय. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं संपताना नोंदवली. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मधल्या काळात मेलेल्या गुरांचं मांस कुणाला मिळालं? कुत्र्यांना. देशभरात पंचावन्न लाख कुत्री त्यामुळं वाढली असावीत, असा अर्थशास्त्रज्ञ अनिल मार्कंड्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे.

बाईंनी पुढं विचारलंय की बंदी येऊन इतकी वर्षं झाली, मग गिधाडं अजून का भरून येत नाहीत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. ज्या प्राण्याची वाढ इतकी हळू, त्याच्या मोठ्यांमधला थोडासा जास्तीचा मृत्यूही त्याला झेपत नाही. कुत्र्याला तो झेपतो. शिकारी-सावज पुढच्या आठवड्यात.