कॉलेजचा अर्ज आणि अबोल मुलगा

(फुलंब्री येथील एका निवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)

मे महिन्यांत बारावीचा निकाल लागतो, आणि मृगाची पहिली सर येते न येते तोंच आमच्या फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गांवीं घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : पोरगा आतां पुढें काय करणार ? ज्या घरीं मुलगा स्वतःच उत्सुक असतो, तेथें या प्रश्नाचें उत्तर आपोआप निघतें. त्या घरांसाठीं मी आज बोलत नाहीं. ज्या घरांतला मुलगा निकालाचा कागद घडी करून खिशांत ठेवतो, विचारल्यास 'बघूं' म्हणतो, फिरून विचारल्यास चिडतो, आणि तिसऱ्यानें विचारल्यास घराबाहेर निघून जातो, त्या घरच्या वडील माणसांशीं मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी कांहीं विद्वान् नव्हे. जुनी अकरावीची मॅट्रिक झालेला, जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्म काढलेला मास्तर आहें. परंतु निवृत्तीनंतर अशा मुलांचे अर्ज माझ्या ओसरीवर भरले जाऊं लागले, आणि त्यांतून जी थोडीबहुत माहिती हातीं आली ती आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

गोष्ट गेल्या वर्षींची. आमच्या शेजारीं एक अडीच एकरांचें कुटुंब आहे; मका, कापूस आणि थोडें आलें हें त्यांचें पीक. घरांतला मुलगा विज्ञान शाखेंतून बारावी उत्तीर्ण झाला. गुण बेताचे, तथापि टाकाऊ नव्हत. बापाची इच्छा, पोरानें इंजिनिअर व्हावें. पोराचें म्हणणें एवढेंच, "मला नाहीं शिकायचं. मी वाळूजला कंपनींत जातो." एका संध्याकाळीं त्याच्या आजीनें त्याला माझ्याकडे पाठविलें, खरें सांगावयाचें तर हाताला धरून आणलें. मीं काय केलें ? मास्तराची जुनी खोड ! विद्येच्या महत्त्वावर अर्धा तास व्याख्यान दिलें. मुलानें मान खालीं घालून तें ऐकलें, तो पाया पडला, आणि पुढें आठ दिवस माझ्या दारावरून जाण्याचें त्यानें टाळलें.

नवव्या दिवशीं आमच्या विहिरीवरची विजेची मोटार बंद पडली. या मुलाला त्यांतलें कळतें असें ऐकून होतों, म्हणून त्यालाच बोलाविलें. या खेपेस मीं उपदेश केला नाहीं. नुसता पाना हातांत देत बसलों. मोटार उघडतां उघडतां तो आपण होऊन बोलूं लागला. "गुरुजी, आल्याला भाव नाहीं. सोसायटीचं कर्ज तसंच आहे. बहीण दहावी झाली, तिचंहि पुढं आहेच. मी इंजिनिअरिंगला गेलो तर बाप जमिनीला हात घालील. त्यापेक्षां मला शिकायचंच नाहीं म्हटलं, कीं मिटलं."

श्रोतेहो, हें ऐकून मी क्षणभर गप्प झालों. कारण सन १९७४ सालीं मॅट्रिकचा निकाल घेऊन मीं हेंच वाक्य माझ्या वडिलांपुढें उच्चारलें होतें. मी एकटाच शहरांतल्या एका कॉलेजांत गेलों होतों. फीमाफीचा अर्ज मागितला तेव्हां खिडकीमागील गृहस्थांनीं 'उत्पन्नाचा दाखला आणा' एवढेंच सांगून खिडकी लावून घेतली. तो दाखला कोठें मिळतो हें मला ठाऊक नव्हतें, आणि विचारण्याची लाज वाटली. घरीं येऊन म्हणालों, "मला कॉलेजांत नाहीं जायचं." वडिलांनीं एक निःश्वास सोडला. पुन्हां कोणीं विचारलें नाहीं. शिक्षकाचें प्रशिक्षण घेऊन मी मास्तर झालों, त्याची मला खंत नाहीं. पण एका दाखल्यापायीं तें दार बंद झालें, हें मीं कोणापाशीं बोललों नव्हतों. त्या दिवशीं मोटारीजवळ बसून त्या मुलाला सांगितलें.

तात्पर्य, मुलाचा नकार हा पुष्कळदां शिक्षणास नसतो. कधीं तो घरच्या खर्चाच्या हिशेबास असतो, कधीं दुसऱ्यानें निवडलेल्या अभ्यासक्रमास असतो, तर कधीं कचेऱ्या, कागद आणि संगणक यांच्या भीतीस असतो. या तीन दुखण्यांचीं औषधें निरनिराळीं आहेत. आणि दुखणें न ओळखतां दिलेलें औषध, मग तें कितीहि गोड असो, अंगीं लागत नाहीं.

प्रथम अभ्यासक्रमाचें पाहूं. या मुलाला चार वर्षांच्या पदवीची धास्ती होती, पण यंत्राची आवड होती. विज्ञान शाखेंतून बारावी झालेल्यास तंत्रनिकेतनाच्या अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मागतां येतो, ही गोष्ट त्याच्या घरीं कोणासच माहीत नव्हती. हे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत पद्धतीनें होतात. दोन वर्षांत पदविका मिळते, आणि पुढें इच्छा झाल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा मार्गहि मोकळा राहतो. हें ऐकतांच मुलानें मान वर करून पाहिलें. बापाला मात्र 'इंजिनिअर' हा शब्द सोडणें जड गेलें. त्याची समजूत घालण्यास मला दोन संध्याकाळी लागल्या. वडील माणसांनीं लक्षांत ठेवावें कीं, आपल्या मनांतील मोठ्या नांवाचा अभ्यासक्रम आणि मुलाच्या हातांत बसणारा अभ्यासक्रम हे एकच असतील असें नाहीं.

आतां पैशाचें. मदतीचें नांव काढतांच मुलगा म्हणाला, "सरकारची भीक कशाला ?" त्याला मीं एक जुनी हकीकत सांगितली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९१३ सालीं एका तरुणास अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. ते तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढें १९५० सालीं, मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठहि नव्हतें त्या काळांत, त्यांनीं आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या द्वारें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच आजचें मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठ त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजीं स्थापन झालें. एका शिष्यवृत्तीची परतफेड आमच्या गांवापासून तीस किलोमीटरांच्या आंत दगडविटांत उभी आहे ! शिष्यवृत्ति ही भीक नव्हे. पुढच्या पिढीस फेडावयाचें तें उसनें आहे.

मग आम्हीं जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. एका बाजूस फी, राहणें, खानावळ, प्रवास व पुस्तकें. दुसऱ्या बाजूस मिळूं शकणारी मदत. ही मदत कोणकोणती, तें थोडक्यांत सांगतों. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ सालापासून चालत आली आहे; पुढें अनुसूचित जमातींसहि ती लागू झाली. विमुक्त जाति, भटक्या जमाति व इतर मागास वर्ग यांच्यासाठींहि शिष्यवृत्तीच्या आणि फीमाफीच्या योजना आहेत. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या खुल्या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांस राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तींतून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्काचा अर्धा भाग मिळतो. मुलींची सोय याहून मोठी आहे. सन २०२४-२५ पासून, केंद्रीभूत पद्धतीनें व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस, कुटुंबाचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत असल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलीला कुठं एवढं शिकवायचं' असें म्हणणाऱ्या बापानें निदान खर्चाची सबब तरी पुढें करूं नये.

फी हा मात्र खर्चाचा एकच भाग होय. पोर शहरांत राहणार कोठें आणि खाणार काय, हा दुसरा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. समाजकल्याण खात्याचीं वसतिगृहें आहेत. तेथें जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं स्वयम् आणि इतर मागासांसाठीं ज्ञानज्योति सावित्रीबाई फुले आधार योजनाहि त्याच धर्तीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेंत रुजविलेली 'कमवा व शिका' ही रीत आज विद्यापीठांतूनहि चालते. स्वाभिमानी मुलास ती फार मानवते. कर्जाचा विचार अगदीं शेवटीं करावा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास सामान्यतः तारण मागत नाहींत, आणि फेड शिक्षण संपल्यावर वर्षभरानें सुरू होते. पण कर्ज तें कर्जच. योजनांच्या रकमा व अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची सूचना स्वतः वाचावी. पारावरच्या गप्पांवर विसंबूं नये.

हिशेब पुरा झाला तेव्हां तूट उरलीच. पण ती जमीन विकण्याएवढी नव्हती. एका दुभत्या म्हशीच्या दुधांत भागण्याजोगी होती. मुलानें तो कागद घडी करून खिशांत ठेवला. निकालाचा कागद ठेवला होता त्याच खिशांत; पण या खेपेस तो रात्रीं बापापुढें उघडला.

आतां कागदपत्रांचें. खरें अडतें तें येथें. निकालानंतर धांवपळ करण्यापेक्षां दिवाळीनंतरच आरंभ करावा. सर्वांत वेळ घेतें तें जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रम घेणाऱ्यास तें लागतें, आणि त्यासाठीं जुना पुरावा काढावा लागतो : अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त जाति व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा, इतर मागासांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा. आजोबा ज्या शाळेंत गेले तिच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा येथें सोन्याच्या मोलाचा ठरतो. आपल्या मराठवाड्यांत निजामी अमलांतले कागद पुष्कळदां उर्दूंत असतात; त्यांचें भाषांतर करून घ्यावें लागतें, तो वेळहि धरावा. वडिलांची अगर सख्ख्या भावाची वैधता झालेली असल्यास काम पुष्कळ सोपें होतें.

उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरींतून, सेतु केंद्रामार्फत मिळतो. त्याची मुदत ३१ मार्चपर्यंत असते, म्हणून तो एप्रिल लागल्यावर नवा काढावा. अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकें, रेशनकार्ड, आणि लागू असेल तसें नॉन-क्रीमीलेअर किंवा अल्पभूधारक प्रमाणपत्र, हीं एका पिशवींत ठेवावीं. सर्व कागदांवर नांव एकसारखें आहे ना, हें रोमी अक्षरांतहि ताडून पाहावें. एका कागदावर 'ज्ञानेश्वर' डी या अक्षरानें आरंभतो आणि दुसऱ्यावर जी या अक्षरानें. यंत्राच्या दृष्टीनें ते दोन निराळे इसम! बँकेचें खातें आधाराशीं जोडलेलें असावें, कारण शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि रक्कम त्याच खात्यांत येते. अर्जावर भ्रमणध्वनीचा क्रमांक घरचाच द्यावा, दुकानदाराचा कदापि देऊं नये; नाहींतर सांकेतिक शब्द हरवल्यावर दुकानदारास शोधीत फिरावें लागतें. अर्ज भरला म्हणजे काम झालें असेंहि नव्हे. तो कॉलेजनें तपासून पुढें पाठविला कीं नाहीं तें पाहावें, आणि दर वर्षीं त्याचें नूतनीकरण करावें.

प्रवेशाच्या अर्जांत पसंतिक्रम लिहावयाचा असतो. पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. म्हणून पहिलें नांव शेजाऱ्याचें पाहून लिहूं नये. तें मुलानें स्वतः लिहावें. किंबहुना माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हाच आहे. अर्ज मुलासाठीं भरूं नका, मुलाजवळ बसा. एका दिवशीं एकच काम सांगा : आज फक्त छायाचित्र, उद्यां फक्त सेतु केंद्र. कचेरीच्या खिडकीशीं त्याला पुढें उभें करा आणि आपण दोन पावलें मागें उभे राहा. तो अडखळेल, चुकेल, पुन्हां रांगेंत उभा राहील. परंतु जो दाखला त्यानें स्वतः मिळविला, त्यावर त्याचा विश्वास बसतो. १९७४ सालीं त्या खिडकीशीं माझ्यामागें दोन पावलांवर कोणी उभें असतें, तर मला तेवढें पुरें होतें.

तो मुलगा आतां पदविकेच्या शेवटच्या वर्षांत आहे. पहिल्या सहामाहींत एका विषयांत अनुत्तीर्ण झाला. तेव्हां आजीनें मला पुन्हां बोलावणें धाडलें, पण मी पोहोंचण्यापूर्वींच त्यानें फेरपरीक्षेचा अर्ज भरला होता. पुढें त्याचें काय होईल तें मी सांगूं शकत नाहीं. गेल्या आठवड्यांत मात्र त्याची बहीण माझ्या ओसरीवर आली. ती यंदा बारावींत आहे. हातांत पिशवी होती, आणि पिशवींत आजोबांच्या शाळेचा उतारा. म्हणाली, "गुरुजी, दादानं सांगितलंय, दिवाळीपर्यंत थांबायचं नाहीं."

आपणहि थांबूं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.