लालबुंद मूर्ती आणि भुशाचा धूर

गावच्या कुंभाराचा आवा तुम्ही पाहिलाच असेल. एकदा पेटला की निवेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. घाईने उकरला तर मडक्यांना तडे जातात. मग भट्टीतली लालबुंद वस्तू लांब सांडशीने उचलून सरळ उघड्यावर आणणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? जपानात हे काम चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याला ‘राकू’ म्हणतात.

क्योतो शहरातल्या चोजिरो या कारागिराने सोळाव्या शतकात ही परंपरा सुरू केली. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी त्याने चाकाशिवाय, नुसत्या हातांनी वाट्या घडवल्या. पण त्याचे सर्वांत जुने ज्ञात काम म्हणजे वाटी नव्हे, तर १५७४ सालचा मातीचा सिंह! त्याच्या घराण्याची सोळावी पिढी आजही हेच काम करते.

आता, मूर्ती फुटत कशी नाही? सारी युक्ती मातीत आहे. आपला कुंभार चिखलात लीद, राख, वाळू कालवतो ना, तसा हे लोक भाजलेल्या खापरीचा चुरा मळतात. त्याने माती सच्छिद्र राहते आणि एकदम बसणारा ताप सोसते. मूर्ती भरीव ठेवत नाहीत. आतून कोरून पोकळ करतात, तळाला भोक ठेवतात आणि पुरती वाळवतात. ओल राहिली की तिची वाफ होते आणि मूर्ती भट्टीतच फुटते, शेजारणीलाही घेऊन जाते. कान, शेपूट, बोटे असे बारीक भाग आधी निवतात, म्हणून आधी तडकतात. जाणता कारागीर हातपाय अंगालगतच घडवतो. एवढे करूनही सगळ्या वाचत नाहीत, हे सांगितलेले बरे.

आधी एकदा सावकाश भाजून मग झिलई चढवतात. दुसरी भाजणी झटपट, सुमारे ९०० ते १००० अंशांवर होते.

धुराची करामत मात्र अमेरिकेतली. १९६० च्या सुमारास पॉल सोल्डनर यांनी तापलेले भांडे झाडाच्या पाल्यात टाकून पाहिले. तेव्हापासून तिकडे तापलेली वस्तू भुशाच्या डब्यात ठेवून झाकण लावतात. कोंडलेल्या जाळाला हवा मिळत नाही, म्हणून तो झिलईतला प्राणवायू ओढून घेतो. तांब्याची हिरवी झिलई लाल, चकचकीत होते. उघडी माती धूर पिऊन काळी पडते, आणि पांढऱ्या झिलईच्या भेगांतून काळ्या रेषांचे जाळे उमटते. काळी मडकी करणारे आपले कुंभारही आवा लिंपून धूर असाच आत कोंडतात.

अशी धुरावलेली वस्तू कुठे मिळालीच, तर ती शोभेला ठेवा. तिच्यातून पाणी झिरपते, आणि झिलईत काय घातले आहे ते वरून कळत नाही. लोणचे, ताक तिच्यात नको. तांब्याची लाली तर नुसत्या हवेनेही काही वर्षांत उतरत जाते.