पवनारचे भरत-राम

पवनारला धाम नदीच्या काठी, उंचवट्यावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. १९३८ साली प्रकृती ढासळलेली असताना विनोबा इथे राहायला आले आणि कुदळ घेऊन जमीन खणू लागले. खणता खणता जुन्या मूर्ती आणि शिल्पफलक निघत गेले. त्यांतल्या एकावर गळाभेट कोरलेली होती. विनोबांनी ती पाहताच ओळखली: ही भरत-रामाची भेट.

ही भेट त्यांच्या मनात आधीपासून होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या गीताप्रवचनांत, बाराव्या अध्यायावर बोलताना, त्यांनी लक्ष्मणाची आणि भरताची भक्ती शेजारी ठेवून उलगडली होती. एक रामाजवळ राहून सेवा करतो, दुसरा दूर राहून रामाचेच काम करतो. या भेटीचे चित्र कुणी काढावे, असेही ते तेव्हा बोलले होते. साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली. पुढे तेच चित्र पायाखालच्या मातीतून दगडात कोरलेले वर आले. विनोबांनी हा ईश्वरी संकेत मानून मूर्तीची स्थापना केली.

फलक वाकाटककाळातले, साधारण पाचव्या शतकातले. पवनार हीच वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडले आणि फलकांत वाली-सुग्रीवाच्या द्वंद्वासारखे रामायणातले प्रसंग ओळखले. या मताला आधारही भक्कम होता. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले रामकाव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे, आणि त्याची आई प्रभावतीगुप्ता रामगिरीच्या, म्हणजे आजच्या रामटेकच्या, स्वामींची भक्त होती. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केले. पुढे हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी काही फलकांत रामाऐवजी कृष्णकथा पाहिली. प्रवरपूर पवनारऐवजी रामटेकजवळच्या मनसरला शोधणारेही आहेत.

कोरीव लेख नसलेल्या दगडाचे असेच होते. अथेन्सच्या पार्थेनॉनवर सुमारे १६० मीटर लांबीची उठावशिल्पांची पट्टी होती: घोडेस्वार, बळीची जनावरे, बसलेले देव. ती अथीनादेवीच्या उत्सवाची मिरवणूक, हे मत रूढ असले तरी त्यावरही वाद आहेतच. त्या पट्टीचे तुकडे आज लंडन आणि अथेन्सच्या संग्रहालयांत विभागले गेले आहेत. पवनारचा दगड मात्र जिथे सापडला तिथेच पुन्हा देव झाला. मला हे फार मोलाचे वाटते. बाकरांचे म्हणणे उद्या सर्वमान्य झाले, तरी विनोबांनी त्या आलिंगनात पाहिलेला भरत खोटा ठरत नाही. आश्रमात गेलात तर भरत-रामाला नमस्कार करून लगेच परतू नका. बाकीचे झिजलेले फलकही पाहा, आणि कोण कुणाशी झुंजतो आहे ते स्वतः ताडून बघा.